डॉ. काढणाऱ्या अक्का

धाराशिवमध्ये तुळजापूर रस्त्यावरच्या एका 'स्किन अँड हेअर' क्लिनिकला गेल्या हिवाळ्यात, एका गुरुवारी दुपारी, आरोग्य विभागाच्या पथकानं सील लावलं. पथकाबरोबर औषध निरीक्षक होते आणि नगरपालिकेचा एक कर्मचारी होता. मालक सोलापूरला गेलाय, असं रिसेप्शनवरच्या मुलीनं सांगितलं. बातमी दुसऱ्या दिवशी आमच्या दैनिकाच्या जिल्हा पानावर सगळ्यात वर आली. बातमीला नाव माझं होतं. अभिनंदनाचे फोन अक्कांना आले.

अक्का म्हणजे आमच्या जिल्हा कार्यालयातल्या सहकारी. उमरग्याच्या बाजूच्या. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि राग आला की परत कानडी. वयानं त्या मोठ्या, नोकरीत मी जुना. माझ्याकडं आरोग्य, जिल्हा परिषद आणि न्यायालय होतं. त्यांच्याकडं महिला पुरवणी. दवाखाना, क्लिनिक, औषधाचं दुकान, यांतलं काहीही घडलं तरी ते आरोग्यात येतं आणि आरोग्य माझ्याकडं येतं, हे कार्यालयात ठरलेलं आहे. चेहऱ्याला लावायचं मलम मात्र पुरवणीत येतं. अक्का त्या मलमाच्या वाटेनं माझ्या खात्यात शिरल्या.

जिल्ह्यात अशी क्लिनिक वाढली ती अलीकडं. आधी लोक सोलापूर-लातूरला जायचे. आता बसस्थानकातून उतरून चालत जावं इतक्या जवळ केस लावून मिळतात, डाग काढून मिळतात, ओठ भरून मिळतात. ही क्लिनिक उघडण्याआधी कुणी तपासतं का, असं वाचक विचारतात. डॉक्टरची नोंदणी वैद्यकीय परिषदेकडं असते आणि ती संगणकावर बघता येते. दवाखान्याचा कचरा उचलण्याचा परवाना वेगळा. खाटा असतील तर शुश्रूषागृह म्हणून नोंद करावी लागते. नुसती खुर्ची असेल तर बहुतेक वेळा तो प्रश्न येत नाही. दुकानाची नोंद मात्र कुणालाही मिळते. तीच फ्रेम करून भिंतीला लावली की गिऱ्हाइकाला शिक्का दिसतो आणि समाधान होतं. तक्रार आली की पथक जातं. आली नाही तर जात नाही.

हे सगळं मी वेळोवेळी लिहिलेलं आहे. कात्रणं आहेत.

अक्कांनी यांतली एक ओळ कधी लिहिली नाही. त्यांनी नावापुढचं 'डॉ.' काढायला सुरुवात केली.

लग्नसराईच्या आधी आमची एक खास पुरवणी निघते. तिच्यात लेख थोडे आणि जाहिराती जास्त, आणि जाहिरातींत क्लिनिक जास्त. मजकूर नजरेखालून घालायचं काम अक्कांचं. नोंदणी क्रमांक हातात पडेपर्यंत त्या कुणाच्याही नावापुढं 'डॉ.' ठेवत नसत. निळ्या पेनानं फुली मारायच्या आणि पान पुढं ढकलायच्या. जाहिरात विभागाचे आमचे व्यवस्थापक पान हातात घेऊन त्यांच्या टेबलापुढं उभे राहायचे.

"अक्का, आहो त्यानं अख्खं पान घेतलंय."

"मग अख्ख्या पानावर नाव छापा की. 'डॉ.' न्हाय."

"त्यानं क्लिनिक टाकलंय. बोर्ड लावलाय एवढा मोठा."

"म्या उद्या हॉटेल टाकलं तर आचारी व्हते का?"

व्यवस्थापक माझ्याकडं बघायचे. आरोग्य माझ्याकडं असल्यामुळं त्यांना वाटायचं की माझा शब्द चालेल. तो चालत नसे. एका क्लिनिकवाल्यानं खरोखर क्रमांक पाठवला. अक्कांनी फोनवर चौकशी केली तेव्हा तो जनावरांच्या डॉक्टरचा निघाला. "नंबर खरा हाय," त्या व्यवस्थापकांना म्हणाल्या, "पर ह्याच्याकडं जायचं तर चार पायांनी जावं लागंल." हे वाक्य गावभर झालं. पत्रकार दिनाच्या कार्यक्रमात जिल्ह्याच्या एका मोठ्या अधिकाऱ्यानं ते भाषणात सांगितलं. मी पहिल्या रांगेत होतो. माझ्या कात्रणांतलं कुठलंही वाक्य आजवर कुणाच्या भाषणात आलेलं नाही.

एकदा त्यांनी एका प्राचार्यांचं 'डॉ.' काढलं. प्राचार्य कार्यालयात आले. पीएच.डी.चा विषय काय होता ते त्यांनी उभ्यानं सांगितलं. अक्कांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "सर, तुमी कुणाला सुई टोचत न्हाय ना?" प्राचार्य म्हणाले, नाही. "मंग लावते," म्हणत त्यांनी फुली खोडली आणि त्यांना चहा पाजला. जाताना प्राचार्य हसत होते. माझी आणि त्यांची ओळख जुनी आहे. मला ते नुसती मान हलवून पुढं गेले.

अक्कांच्या डाव्या जबड्यावर एक मस होता, चांगला वाटाण्याएवढा. पुरवणीच्या कामासाठी त्या क्लिनिकमध्ये गेल्या की समोरच्या माणसाचं लक्ष पहिलं त्या मसाकडं जायचं. अक्का काही न बोलता बसायच्या. हा कधीपासून आहे, वाढलाय का, कधी रक्त आलंय का, असं ज्यानं आधी विचारलं तो त्यांच्या हिशेबात डॉक्टर. "एका सिटिंगमधी काढून टाकू मॅडम" असं जो आधी म्हणाला, त्याच्या भिंतीकडं त्या मान वर करूनसुद्धा बघत नसत. न्यायालयाजवळच्या एका तरुण त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी तो बघितल्यावर मशिनला हात लावला नाही. आधी तपासणीला पाठवलं. तपासणीत काही निघालं नाही. त्या बाईंच्या नावाचं 'डॉ.' पुरवणीत अक्कांनी ठळक टायपात लावून घेतलं. मस तसाच ठेवला. "ह्याच्यावर माझं काम चालतंय," म्हणाल्या.

माझ्या चेहऱ्यावर असं काही नाही. ही सोय मला कधी मिळाली नाही.

त्यांची दुसरी सवय पत्रकाराला न शोभणारी होती. कळलेली गोष्ट त्या पोटात ठेवत नसत. कलेक्टर ऑफिससमोरच्या टपरीवर बारा दैनिकांचे लोक बसतात. तिथं उभं राहून, हातातली बंद छत्री हलवत, त्या सगळं सांगून टाकायच्या. छत्री बाराही महिने असायची. कुठल्या क्लिनिकात कचऱ्याला पिवळी पिशवी नाही, कुठं सुया चहाच्या डब्यात ठेवतात, कुठं कोर्स केलेला एक आणि टोचणारा दुसरा. "फ्रेम कुणाची आन् हात कुणाचा, तेवढं बघायचं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुसऱ्या दिवशी ते इतरांच्या पेपरात यायचं. मी रागवायचो. त्या म्हणायच्या, "आलं ना छापून? मंग?" इतरांच्या पेपरात आलेल्या बातमीबद्दलही लोक अक्कांनाच फोन करायचे.

हेवा हा शब्द बातमीत बसत नाही. इथं बसतो.

सील लागण्याच्या आधीच्या महिन्यात तुळजापूर तालुक्यातले एक गृहस्थ कार्यालयात आले. त्यांची मुलगी शहरातल्या एका खाजगी शाळेत शिकवायची. सास्तूरच्या मुलाशी तिचं लग्न ठरलेलं, साखरपुडा झालेला. तिच्या कपाळावर वांगाचे काळे डाग होते. लग्नाआधी ते जावेत म्हणून तिनं तुळजापूर रस्त्यावरच्या त्या क्लिनिकात एका शनिवारी कपाळाला पील करून घेतलं. पील म्हणजे आम्ल लावून वरची कातडी काढायची आणि खालून नवी येऊ द्यायची. आग होत होती. क्लिनिकनं सांगितलं, कातडी निघणार, तेच पाहिजे.

मंगळवारी मुलाची आजी तिला तुळजापूरला घेऊन गेली. लग्नाआधी देवीला पत्रिका द्यायची आणि होणाऱ्या सुनेचा मळवट भरायचा, ही त्यांच्या घरची रीत. आजी देवीची आराधी आहे, गळ्यात कवड्यांची माळ घालते. तिनं स्वतःच्या हातानं मुलीचं कपाळ भुवयांपासून केसांपर्यंत कुंकवानं भरलं. घरी आल्यावर कपाळ धुतलं तेव्हा कुंकवाबरोबर कातडी आली. खाली लाल मांस होतं.

क्लिनिकचं म्हणणं, आम्ही प्रत्येकाला कुंकू लावू नका म्हणून बजावतो. जखम कुंकवानं झाली. आजीचं म्हणणं याहून वाईट होतं. ती म्हणाली, देवीनं पोरीचा मळवट घेतला नाही.

"आई न्हाय म्हणली, आसं सांगाया लागलेत," वडील म्हणाले. "लग्न थांबीवलंय. मोडलं न्हाय, पर थांबीवलंय. पोरगा चांगला हाय, पर आजीच्या म्होरं बोलत न्हाय. आमच्याकडं आता दुसरं कोण येनार? देवीनं नाकारलेली पोर म्हणून नाव झालं तर जल्माचं झालं बगा."

ते माझ्याकडं आले होते. आरोग्य माझ्याकडं होतं म्हणून शिपायानं त्यांना माझ्या टेबलावर पाठवलं. अक्का शेजारच्या टेबलावर शेंगा सोलत होत्या.

मी क्लिनिकची कागदपत्रं पाहिली. बोर्डावर सोलापूरच्या एका त्वचारोगतज्ज्ञाचं नाव होतं. पदवी खरी होती. नोंदणी चालू होती. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं की आपण तिथले सल्लागार आहोत. कचऱ्याचा परवाना होता. मुलीची सही असलेला संमतीचा कागद होता आणि त्यात कपाळाला काही लावू नये अशी एक ओळ होती. मी बातमी लिहिली नाही. माझ्याकडं जे होतं त्यावर बातमी होत नव्हती, आणि आजही मी तेच म्हणेन. कागद बरोबर होते. ते अजूनही बरोबर आहेत.

अक्कांनी एवढंच विचारलं, "शनिवारी डॉक्टर कुठं होता?"

"सल्लागार आहेत ते."

"सल्ला सोलापुरातनं दिला तरी चालतंय. बाटली कुणाच्या हातात होती?"

तक्रार माझ्याकडं आलेली होती, म्हणून आपण दोघांनी जाऊ असं मी म्हणालो. त्यांनी हो म्हटलं. त्यांना गाडी चालवता येत नव्हती; माझ्याच मोटरसायकलवर मागं बसून त्या आल्या. आत शिरल्यावर त्यांनी माझी ओळख भाऊ म्हणून करून दिली. तो दिवसही शनिवार होता.

पांढरा कोट घातलेला माणूस क्लिनिकचा मालक होता. सगळे त्याला सर म्हणत होते. त्यानं स्वतःला डॉक्टर म्हटलं नाही, हे नोंदवायला हवं. 'स्किन एक्स्पर्ट' म्हटलं. पहिल्यांदा त्याचं लक्ष मसाकडं गेलं.

"हे काढू मॅडम. लेझर आहे आपल्याकडं."

"कवापासनं हाय ते विचारणार न्हाय का?"

"काय गरज नाही. मुळासकट जातंय."

अक्कांनी मान डोलावली. मग म्हणाल्या, चेहऱ्याची भीती वाटते, आधी हातावर पील करून दाखवा. भाचीनं कपाळाला केलं तेच पाहिजे. त्यांनी डाव्या हाताची बाही वर केली आणि कोपराखाली दोन जागा दाखवल्या.

"दोन कामून?" मालकानं विचारलं.

"एक मला बघायला, एक जावंला दावायला. तिचा माझ्यावर भरवसा न्हाय."

मालक हसला. त्यानं बाटली आणली आणि कापसानं दोन ठिकाणी लावलं. अक्का खुर्चीत ताठ बसल्या होत्या. हात भाजतोय का, असं मी विचारलं तर कानडीत काहीतरी म्हणाल्या. मालक बाही खाली करून देत होता तेव्हा त्या सहज बोलल्यासारखं बोलल्या.

"सर, मंगळवारी आईच्या दर्शनाला जायचंय. जाऊ मळवट भरणार म्हणतेय. ह्या हातालाबी कुंकू लागंल. चालतंय ना?"

"लागू द्या की. काय होत नाही. वरनं लोशन लावा."

प्रत्येकाला बजावतो, असं म्हणणाऱ्या माणसाचं हे उत्तर होतं, आणि मी ते माझ्या कानांनी ऐकलं होतं. बाहेर आल्यावर मी म्हणालो, आता बातमी होते. डॉक्टर जागेवर नाही, बाटली मालकाच्या हातात, कुंकवाला हरकत नाही. अक्का म्हणाल्या, होते. मग छत्री काखेत धरून मागं बसल्या आणि म्हणाल्या, "पर आजीला न्हाय पटायची. आजी पेपर वाचत न्हाय."

रविवारी रात्रीपर्यंत दोन्ही जागा काळ्या पडल्या. सोमवारी त्या कार्यालयात आल्या तेव्हा बाही वर दुमडलेली होती. मंगळवारी त्या तुळजापूरला गेल्या. आजी ज्या दुकानातून कुंकू घेते त्याच दुकानातून कुंकू घेतलं आणि हातावरच्या एका जागेवर लावलं. दुसरीवर नाही. संध्याकाळी दोन्ही जागा धुतल्या. दोन्हींची कातडी निघाली. दोन्ही जखमा सारख्या लाल होत्या.

न्यायालयाजवळच्या त्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी हात पाहिला आणि आधी अक्कांना झापलं. हाताची कातडी म्हणजे चेहऱ्याची नव्हे, असल्या प्रयोगाला पुरावा म्हणत नाहीत, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. मी ते लिहून घेतलं. मग त्या म्हणाल्या की ही जखम तीव्र आम्लाची आहे, क्लिनिकनं नाव सांगितलं त्या सौम्य औषधाची नाही. त्यांनी तसं लेखी दिलं. मुलीच्या वडिलांनी तक्रार दिली. मी मालकाच्या बोलण्याचं लेखी निवेदन दिलं. अक्कांनी निवेदन दिलं आणि हात दाखवला. अधिकाऱ्यांनी माझा कागद फाइलमध्ये लावला आणि अक्कांना पाणी मागवलं. पथक गेलं, बाटलीचा नमुना घेतला, सील लागलं.

सील लागलं तेव्हा दुपार होती. पंचनाम्याची प्रत आम्हाला मिळाली. अक्का म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता सास्तूरला जायचं. उद्या पेपरात येणार, गावात कुणीतरी आजीला वाचून दाखवणार, अर्धं सांगणार अर्धं ठेवणार. त्याच्या आधी आपण.

"आणि बातमी?"

"तुमीच टाका. तुमचं खातं हाय."

बातमीवर माझं नाव कसं आलं, असं पुढं लोकांनी विचारलं म्हणून हे लिहून ठेवतो. ते त्यांनी दिलं.

सास्तूरला पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. भूकंपानंतर नव्यानं बसवलेलं गाव. रस्ते सरळ, घरं ओळीनं. नवऱ्या मुलाचं घर शोधायला वेळ लागला नाही. दारात ट्रॅक्टर होता. मुलगा बाहेर आला, आम्हाला बघून आत गेला आणि परत आला. आजी ओसरीवर खांबाला टेकून बसली होती. गळ्यात कवड्या होत्या.

डेस्कवरून फोन येत होते. मी अंगणातल्या कट्ट्यावर बसून मोबाइलवर बातमी लिहायला घेतली. ओसरीवर काय झालं ते तिथून दिसलं आणि ऐकू आलं तेवढंच देतो.

"कोण म्हणायचं तुमी?" आजीनं विचारलं.

"पेपरातली हाय. पोरीच्या बापानं पाठीवलं न्हाय, माझी मीच आले."

"पेपरातलं सगळं खरं आसतंय व्हय?"

"न्हाय की. म्हणून तर आले."

अक्कांनी पंचनाम्याची प्रत पुढं केली. आजीनं ती हातात घेतली नाही. "मला वाचता येत न्हाय. आन् तुमी वाचून दावलं तर तुमी म्हणाल तेच त्यात आसंल."

"खरं हाय," अक्का म्हणाल्या आणि कागद घडी करून पिशवीत ठेवला. मग ओसरीच्या पायरीवर बसल्या, डावी बाही वर केली आणि हात आजीच्या मांडीवर ठेवला. दोन खपल्या होत्या.

"तुमच्या सुनंच्या कपाळाला ज्यानं लावलं, त्यानंच हितं लावलं. तीच बाटली. ह्यातल्या एका जागंवर म्या मंगळवारी कुंकू लावलं. तुमी घेता त्याच दुकानातलं. दुसऱ्या जागंवर न्हाय लावलं."

आजीनं हात उजेडाकडं ओढून घेतला. एका खपलीच्या कडेनं बोट फिरवलं, मग दुसरीच्या. मुलगा दाराच्या चौकटीत उभा होता.

"कुंकू कंच्यावर?" तिनं विचारलं.

"तुमी सांगा."

आजीनं परत बोट फिरवलं. हात उलटा केला, सुलटा केला. नातवाला जवळ बोलावून त्यालाही बघायला लावलं. तो खाली वाकला, एका खपलीकडं बोट केलं, मग दुसरीकडं केलं, मग "न्हाय कळत" म्हणाला. त्या संध्याकाळी त्याच्या तोंडून मी ऐकलेले ते पहिले शब्द.

"मला बी न्हाय कळत," आजी म्हणाली.

मग आजीनं हळू आवाजात विचारलं, "मंग आईनं मळवट घेतल्ता?"

"आईचं मला कळत न्हाय," अक्का म्हणाल्या. "ॲसिडाचं कळतंय. पोर तुमच्यासंगट मंदिरात गेली तवाच कपाळ जळालेलं व्हतं. कुंकू नंतर लागलं."

"आन् ती बोलली न्हाय? येवढी आग हुतीया म्हणून?"

"आजी, तुमी मळवट भरत हुता. तुमच्यासमोर ती काय बोलणार?"

आजीनं नातवाकडं बघितलं. "तिच्या बापाला फोन लाव," ती म्हणाली.

याच वेळी डेस्कनं मला मथळा विचारला. तो सांगून मी मान वर केली तेव्हा आजी फोनवर बोलत होती आणि अक्का भाकरी खात होत्या. आजी काय बोलली हे मला माहीत नाही. अक्कांना नंतर विचारलं तर म्हणाल्या, "बोलली. कसं आसतंय, ते तिचं आन् त्यांचं हाय." सगळं टपरीवर सांगणाऱ्या बाईनं एवढीच एक गोष्ट आजवर कुणाला सांगितलेली नाही. मी आडून आडून बऱ्याचदा विचारून पाहिलं.

मुलीचं नाव, गाव बातमीत घातलं नव्हतं. घालू नका असं आजीनंच निघताना सांगितलं होतं आणि नियमही तोच आहे.

नमुन्याचा अहवाल आला. बाटलीवरच्या लेबलात लिहिलं होतं त्याहून आतलं आम्ल बरंच तीव्र होतं. मालकावर गुन्हा दाखल झाला. सील काढावं म्हणून त्यानं अर्ज केला आहे. त्यावर निर्णय झालेला नाही. सोलापूरच्या डॉक्टरांनी जबाबात म्हटलं की आपण महिन्यातल्या एका रविवारी तिथं येत होतो, इतर दिवशी काय चालतं याची कल्पना नव्हती. त्यांची नोंदणी चालू आहे. या सगळ्या बातम्या मी दिल्या. प्रत्येक बातमीनंतर कार्यालयात लोक आले आणि त्यांनी अक्कांचा हात बघायला मागितला. एका महिला महाविद्यालयानं त्यांचं व्याख्यान ठेवलं. व्याख्यानात त्या बोलल्या कमी. त्यांनी बाही वर केली. मी ती बातमी दिली, फोटोसह. फोटोत हात नीट आला आहे.

उन्हाळ्यात सोलापूर आवृत्तीत आरोग्य पानासाठी जागा निघाली. मी अर्ज केला. अक्कांनी केला नाही. त्यांना बोलावून घेतलं. जाताना निळं पेन त्यांनी जाहिरात व्यवस्थापकांना दिलं आणि छत्री बरोबर नेली. पुरवणी आता माझ्याकडं आहे. क्रमांक आल्याशिवाय मीही 'डॉ.' ठेवत नाही. व्यवस्थापक माझ्याशी वाद घालत नाहीत. ते सोलापूरला फोन लावतात.

हातावरच्या दोन्ही खुणा गेलेल्या नाहीत. त्वचारोगतज्ज्ञ बाईंच्या मते त्या जाणार नाहीत. अक्कांना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. मी एकदा माझ्या हाताच्या त्याच जागेकडं बघत बसलो होतो, तेव्हा शिपायानं विचारलं, साहेब, काय चावलं का. मी नाही म्हणालो.

त्या मुलीचं लग्न वैशाखात तुळजापूरला एका लॉजच्या हॉलमध्ये झालं. आमच्या कार्यालयाच्या पत्त्यावर पत्रिका आली होती, अक्कांच्या नावानं. मी ती सोलापूरला पाठवून दिली. न्यायालयाजवळच्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी त्याआधी मुलीचं कपाळ तपासून कुंकू लावायला हरकत नाही असं सांगितलं होतं. लग्नाला अक्का गेल्या होत्या. मी नव्हतो. पुढची माहिती मला अक्कांकडून मिळाली आणि लग्नाच्या छायाचित्रकाराकडून मी ती पडताळून घेतली. मळवट आजीनं स्वतःच्या हातानं भरला, भुवयांपासून केसांपर्यंत.